अंगठी काढून ठेवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न.

त्या रात्री आमच्या दुर्बिणीचा आरसा धुऊन, जुळवून तुम्ही स्कूटर काढलीत तेव्हा माझा गळा इतका दाटून आला होता की ‘सावकाश जा’ यापलीकडे काही बोलताच आलं नाही. म्हणून आज सगळ्यांसमोर लिहिते आहे.

आमची आठ इंची दुर्बीण म्हणजे इंदूरच्या लोकमान्यनगरातल्या सहा घरांनी वर्गणी काढून घेतलेली. गच्ची एकाची, किल्ली दुसऱ्याकडे, पाळ्यांची वही माझ्याकडे. २१ डिसेंबर २०२० ला गुरू आणि शनी एकाच वेळी तिच्यात दिसले, ते आठवून मुलं अजून बोलतात. २०२५ च्या पावसाळ्यात मात्र तिच्या आरशावर बुरशी चढली.

आधी जिथे नेला तिथे आरसा दोन महिने पक्कड-पान्यांच्या ढिगात पडून होता. परत आला तो कोरड्या फडक्याने घासल्याचे गोल ओरखडे घेऊन. वर ऐकवलं, ‘खेळणंच आहे, नवीन घ्या.’ सहा घरांचे पैसे होते ते! आठवलं की अजून जीव जळतो.

तुम्ही आलात आणि आरशाला हात लावण्याआधी खिसा रिकामा केलात. पेन, चष्म्याची डबी, किल्ल्या, सगळं कठड्यावर. मग बोटातली अंगठी. ती निघेना. साबण लावून, बोट लाल होईपर्यंत पिळून काढलीत आणि शेजारच्या चिमुरडीच्या मुठीत दिलीत. म्हणालात, ‘धर गं. ॲल्युमिनियमचा थर मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा असतो. अंगठी लागली की गेला.’ काका, मला तिथेच रडू आलं. आमच्या आरशाची कुणी इतकी काळजी घेईल, ही आशाच मी सोडून दिली होती.

पुढचं धुणं, वाळवणं, स्क्रू फिरवून जुळवणं रात्रीपर्यंत चाललं. कापसाचा ओला बोळा नुसता त्याच्या वजनाने ओढायचा, दाबायचा नाही, हे तुम्ही माझा हात धरून शिकवलंत. ओरखडे राहतील पण दिसायला अडचण नाही, हेही स्पष्ट सांगितलंत. आणि एक पैसा घेतला नाहीत.

२०२५ मध्ये शनीची कडी आपल्याकडे कडेने वळली होती. पृथ्वी पुन्हा त्यांच्या पातळीत येईल ती २०३८ मध्ये. तोवर ही मुलं मोठी होऊन कुठल्या कुठे गेलेली असतील. तुमच्यामुळे त्यांना ते आताच दिसलं: गोळ्यातून आरपार ओवलेली बारीक सुई. चिमुरडीने तर तुमची अंगठी मुठीत घट्ट धरूनच पाहिलं.

दुसऱ्याची वस्तू आपली समजून हाताळणारी माणसं आहेत, म्हणून सहा घरांची एक दुर्बीण चालते. गल्लीतला नळ, वाचनालय, गणपतीचा मांडवसुद्धा अशाच माणसांच्या जिवावर उभा असतो. त्यांची नावं कुठे लागत नाहीत.

तुमचं पेन कठड्यावरच राहिलं आहे. मी ते दोरीने पाळ्यांच्या वहीला बांधून ठेवलं आहे. न्यायला या, शनिवारची पहिली पाळी तुमच्या नावावर लिहिली आहे.

तुमची,
दुर्बिणीची वही सांभाळणारी