ट्रेडिंग बंद नको, मर्यादा घाला

संपादक महोदय,

ऑनलाइन गेममधली खरेदी-विक्री म्हणजे पोरखेळ असं म्हणतात ते मला अजिबात पटत नाही, पोरं तासन्‌तास खपून माल गोळा करतात आणि दोन-चार गब्बर खेळाडू साठा उचलून भाव चढवतात. रुनस्केप या ऑनलाइन गेमनं 2007 मध्ये ग्रँड एक्स्चेंज नावाचा गेममधला बाजार आणला, त्यात सिस्टीमच ऑर्डरी जुळवते, कोण विकतंय कळत नाही आणि दर 4 तासांत एक वस्तू ठरावीक नगांपेक्षा जास्त घेताच येत नाही, हे फार बरं केलं. पण गेममधलं सोनं खऱ्या पैशांत विकणाऱ्यांना रोखायला मोकळी देवाणघेवाणच बंद केली, म्हणजे मित्राला महागडी वस्तू देणंही अवघड! चोर सोडून संन्याशाला फाशी. खेळाडूंच्या मतदानानंतर 2011 मध्ये मोकळी देवाणघेवाण परत आली. ट्रेडिंग असलेल्या प्रत्येक गेमनं निदान खरेदीमर्यादा तरी ठेवावी.

– एक खेळाडू, नाशिक