पलंगाच्या काठावरचे एक मिनिट

ती. बाबा आणि आई यांस,
साष्टांग नमस्कार.

कोथरूडहून सदाशिव पेठेत यायला मला फारसा वेळ लागत नाही, तरी पत्र लिहिते आहे, कारण समोर तुमच्या तब्येतीचा विषय काढला की बाबा वर्तमानपत्र उघडतात आणि आई चहाचे आधण ठेवते.

गेल्या आठवड्यात मुक्कामाला होते, तेव्हा पहाटे तीनच्या सुमारास बाबा उठले आणि दोन पावलांतच कपाट धरून थांबले. कपाटाच्या कडेवर घट्ट आवळलेली ती बोटे अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत. सकाळी तुम्ही झोपमोडीवर विषय संपवलात. बाबा, उभे राहिल्यावर रक्त पायांकडे उतरते. तरुणपणी रक्तवाहिन्या लगेच आवळल्या जाऊन दाब सावरतो, उतारवयात त्याला वेळ लागतो, आणि रक्तदाबाच्या गोळीने त्यात भर पडू शकते. म्हणून आधी कुशीवर वळून उठून बसा, पलंगाच्या काठावर पाय सोडून एक मिनिट थांबा, मगच उभे राहा. पुढच्या खेपेला डॉक्टरांना बसून आणि उभे राहून असा दोन्ही वेळचा दाब मोजायची विनंती करू; तोवर गोळी आपल्या मनाने बंद करू नका. रात्री उठावे लागू नये म्हणून तुम्ही दिवसभर पाणी तोडता, त्यानेही चक्कर येते. वयाबरोबर तहानेची जाणीवच मंदावते, तेव्हा तहान लागण्याची वाट न पाहता संध्याकाळपर्यंत पाणी पीत जा.

गुडघ्यामुळे पर्वतीच्या पायऱ्या सोडल्यात, ते मी समजू शकते. पण पायऱ्यांबरोबर चालणेच सुटले, हे मला पटत नाही. गुडघ्याला आधार मांडीच्या स्नायूंचा असतो आणि वापरले नाहीत तर ते या वयात झपाट्याने झिजतात. सारसबागेत सपाटीवर चालता येईल. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सुचवते आणि पासष्टीपुढच्यांना आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचा सरावही करायला सांगते. हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठणे-बसणे घरातही जमेल, फक्त खुर्ची भिंतीला लावून ठेवा.

आई, तुझ्याबद्दल मला जास्त काळजी वाटते, कारण तू काही दाखवतच नाहीस. सगळ्यांना वाढून झाल्यावर पातेल्याच्या तळाशी उरलेले डावभर वरण तू भातावर घेतेस, आणि रात्री तर चहा-पोळीवरच भागवतेस. स्नायू टिकायला प्रथिने लागतात. आधी स्वतःसाठी एक वाटी उसळ किंवा घट्ट वरण बाजूला काढून ठेव. यात कसलाही स्वार्थ नाही. तू शाकाहारी आहेस आणि मधुमेहासाठी कित्येक वर्षे मेटफॉर्मिन घेते आहेस. या दोन्हींमुळे बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते. तळपायांना येणाऱ्या मुंग्यांचे कारण तेही असू शकते, म्हणून ही तपासणी करून घेऊ. आणि शेजारच्या काकूंनी दिलेली ती दुखण्यावरची गोळी यापुढे डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नकोस, मूत्रपिंडावर ताण येतो.

शनिवारी सकाळी मिस्त्रीला घेऊन येते. न्हाणीघरात कमोडशेजारी आणि नळापाशी धरायला दांडे बसवायचे आहेत. उंची बाबांच्या हाताला बसेल अशीच ठरवू, तेव्हा बाबा, त्या वेळी घरी थांबा.

कळावे,
तुमची लेक