शॉ यांची समीक्षा एका वाक्यात आटोपू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जॉर्ज बर्नार्ड शॉ यांच्या जयंतीनिमित्त आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. नाटककार शॉ, नोबेलचे मानकरी शॉ, ‘पिग्मॅलियन’चे आणि म्हणून आपल्या ‘ती फुलराणी’चे शॉ असे सगळे त्यात होते. पत्रकार शॉ मात्र ‘सुरुवातीला काही काळ वृत्तपत्रांत लिहिले’ एवढ्यावर आटोपले. हे वाक्य मनाला फार लागले, म्हणून लिहितो आहे.

काही काळ म्हणजे किती? १८५६ साली डब्लिनमध्ये जन्मलेला हा मुलगा पंधराव्या वर्षी कचेरीत कारकुनीला लागला आणि विसाव्या वर्षी लंडनला आला. एकामागून एक पाच कादंबऱ्या लिहिल्या आणि प्रकाशकांकडून साभार परत घेतल्या. दिवस जायचा ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात. मार्क्सचा ग्रंथ आणि वॅग्नरच्या ऑपेराची स्वरलिपी समोर ठेवून बसणारा हा तरुण तिथे विल्यम आर्चर या समीक्षकाच्या नजरेत भरला. आर्चरच्या शब्दावर १८८५ मध्ये पुस्तक परीक्षणाचे काम मिळाले, पुढे चित्रकलेचे, मग संगीताचे. ‘द स्टार’ या दैनिकात ते ‘कॉर्नो दि बॅसेट्टो’ या वाद्याच्या नावाने संगीतावर लिहीत. जानेवारी १८९५ ते मे १८९८ या काळात ‘सॅटर्डे रिव्ह्यू’ साप्ताहिकाची नाट्यसमीक्षा त्यांच्याकडे होती. सगळी मिळून तेरा वर्षे होतात.

त्यातली शेवटची सव्वातीन-साडेतीन वर्षे मला सर्वांत मोलाची वाटतात. लंडनच्या रंगभूमीवर तेव्हा नट आणि नाट्यगृहाचे चालक हेन्री अर्व्हिंग यांचे राज्य होते. लायसियम नाट्यगृहात त्यांचा शब्द अखेरचा. शॉ यांनी त्यांच्यावर आठवड्यामागून आठवडे टीका केली, ती अर्व्हिंग शेक्सपिअरच्या संहितेला कात्री लावत म्हणून आणि एलेन टेरीसारख्या अभिनेत्रीचे गुण जुनाट भूमिकांत वाया घालवत म्हणून. शॉ शेक्सपिअरला तुच्छ मानत, असे आपल्याकडेही सांगितले जाते. १८९६ मध्ये ‘सिम्बेलिन’वर लिहिताना त्यांनी तसे म्हटले होते खरे. पण ज्याला शेक्सपिअरचा आनंद घेता येत नाही त्याची आपल्याला कीव येते, हेही त्यांनी त्याच लेखात लिहिले आहे. ते कोणी सांगत नाही. पुढच्याच वर्षी नट फोर्ब्ज-रॉबर्टसन यांनी ‘हॅम्लेट’ केले आणि एरवी सर्रास गाळला जाणारा नॉर्वेच्या राजपुत्राचा, फोर्टिनब्रासचा, प्रवेश शेवटी परत आणला, तेव्हा शॉ यांनी तोंड भरून कौतुक केले.

ते गावकीही पाळत नसत. ऑस्कर वाइल्ड त्यांच्यासारखेच डब्लिनचे. वाइल्ड यांच्या ज्या सुखात्मिकेला आज सगळे जग डोक्यावर घेते, त्या ‘द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट’बद्दल १८९५ मध्ये शॉ यांनी सरळ लिहिले की हसलो खरा, पण नुसते हसवणारे आणि आत काही न हलवणारे नाटक पाहिले की संध्याकाळ फुकट गेल्यासारखी वाटते. इथे मला शॉ यांचे मत पटत नाही. पण ते कशाच्या आधारावर बोलतात हे स्वच्छ दिसते, त्यामुळे त्यांच्याशी भांडता येते. समीक्षकाकडून वाचकाला आणखी काय हवे असते!

या सगळ्यात मी पुन्हा पुन्हा वाचतो तो जून १८९५ मधला लेख. सारा बर्नहार्ट आणि एलिओनोरा ड्यूझे या दोघी नामांकित अभिनेत्री तेव्हा लंडनमध्ये होत्या आणि झुडरमान या जर्मन नाटककाराच्या एकाच नाटकात माग्डाची भूमिका करत होत्या, एक फ्रेंचमध्ये आणि दुसरी इटालियनमध्ये. बर्नहार्टच्या रंगभूषेपर्यंत, अगदी रंगवलेल्या कानांपर्यंत शॉ यांची नजर पोचते. ड्यूझेच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या मात्र त्यांना माणूसपणाची खूण वाटतात. मग ड्यूझेचा तो प्रसंग येतो. माग्डाला टाकून गेलेला तिच्या मुलाचा बाप बऱ्याच वर्षांनी भेटायला आला आहे. ती फुले घेते, बसते, सावरल्यासारखी दिसते. हा किती बदलला म्हणून त्याच्याकडे पाहते आणि लाजेने चेहरा लाल होऊ लागतो. ते लक्षात आल्यावर आणखीच लाल होतो. तोंड फिरवून भागत नाही, अखेर ती ओंजळीत चेहरा लपवते. ही लाली दर प्रयोगाला आपोआप येते का, याचे शॉ यांना धंद्यातल्या माणसाचे कुतूहल वाटते आणि ते तसे कबूल करतात. तो प्रयोग कोणाच्याही आठवणीत उरलेला नाही. त्याचे चित्रीकरण नाही, आवाज नाही. तरी सव्वाशेहून अधिक वर्षांनी ती लाली मला दिसते, कारण एका साप्ताहिकाच्या समीक्षकाने त्या रात्री डोळे उघडे ठेवले होते.

१८९८ मध्ये पायाचे दुखणे विकोपाला गेले, शस्त्रक्रिया झाली, आणि आपली जागा तरुण मॅक्स बिअरबोम यांच्या हाती देऊन शॉ यांनी निरोप घेतला. ही परीक्षणे पुढे पुस्तकरूपाने आली आणि आजही मिळतात.

आपल्याला विनंती आहे की बर्नहार्ट आणि ड्यूझे यांच्यावरचा तो लेख कोणा जाणकाराकडून मराठीत आणवून पुरवणीत पूर्ण छापावा. जागा कमी असेल तर दोन रविवारी विभागून छापा, पण त्यात काटछाट करू नका.

आपला,
एक जुना वाचक, सांगली