आगीची पदवी, पण आग कुठे आहे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विद्यापीठातल्या ‘अग्निविज्ञान व व्यवस्थापन’ या अभ्यासक्रमाबद्दल आपल्या पानावर दोन पत्रं वाचली. एका वाचकाचा प्रश्न, की आग विझवायला पदवी कशाला, धाडस आणि पाण्याचा दाब पुरे. दुसऱ्याच्या मते ही हमखास नोकरीची पदवी, मुलांना डोळे झाकून पाठवा. मी बावीस वर्षं बंबावर काढली आणि चाळिशी उलटल्यावर वर्गात बसून हाच विषय शिकलो. तेव्हा दोघांशीही भांडायचा मला थोडा हक्क आहे.

आधी पहिल्या वाचकांचं. माझाही समज तोच होता. पहिल्याच सत्रात आम्हाला शेडमध्ये नेलं. तिथे बैठकीची खोली उभारलेली होती: फोमचा सोफा, पडदे, कार्पेट, एक बाजू उघडी. सरांनी विचारलं, सोफ्याच्या कोपऱ्याला पेटवल्यापासून सगळी खोली पेटायला किती वेळ लागेल? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ऐटीत सांगितलं, आठ-नऊ मिनिटं. पहिलं मिनिट तर काहीच झालं नाही, एक मुलगा जांभई देत होता. मग छताखाली काळा थर जमू लागला आणि दिसेल असा खाली उतरत आला, छातीपर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. दूरच्या भिंतीजवळच्या लाकडी खुर्चीला ज्वाळेचा स्पर्शही झाला नव्हता, तरी तिच्यातून वाफेसारखा धूर निघायला लागला. आणि एका क्षणात कार्पेट, खुर्ची, पडदे, सगळं एकदम. घड्याळात चार मिनिटंसुद्धा झाली नव्हती.

याला फ्लॅशओव्हर म्हणतात. छताखालचा गरम थर साधारण ६०० अंश सेल्सिअसपर्यंत पोचला, की वरून येणाऱ्या उष्णतेनेच खालच्या वस्तू पेट घेतात. बावीस वर्षांत मी असंख्य जळलेल्या खोल्या पाहिल्या होत्या, पण बहुतेक वेळा पोचलो तो हे घडून गेल्यावर. सुरुवात मी कधी पाहिलीच नव्हती, आणि आठ-नऊ मिनिटांचा तो आकडा कुठून आला हे मलाच सांगता येईना.

खिडकीचंही तसंच. धूर निघावा म्हणून आम्ही काच फोडायचो, कधी फायदा व्हायचा, कधी आतली आग खवळायची. ‘वारं लागलं’ म्हणून आम्ही पुढे जायचो. त्या वाऱ्याला हिशेब आहे, तो जपानच्या कुनिओ कावागोए यांनी १९५० च्या दशकात खोल्या जाळून मांडला. आग पूर्ण पेटली, की खोलीत सामान किती यापेक्षा हवा किती येते यावर तिचा जोर ठरतो. आणि हवा किती येणार हे ठरतं उघड्या भागाचं क्षेत्रफळ गुणिले त्याच्या उंचीचं वर्गमूळ, एवढ्यावरच. एक मीटर रुंद, दोन मीटर उंच दार उघडं असेल तर त्यातून येणारी हवा खोलीत साधारण चार मेगावॉटची आग पोसते. हे कळल्यावर कुऱ्हाड उचलण्याआधी हात थबकतो. नोझल तयार आहे का, हे आधी बघितलं जातं.

अनुभव नुसता अपुरा असतो असं नाही, तो खात्रीनं चुकीचंही सांगतो. काचेला कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे गेले म्हणजे पेट्रोल ओतून आग लावली, असं तपास करणारे पिढ्यान्‌पिढ्या मानत आले. प्रयोगशाळेत दिसलं, की तापलेल्या काचेवर पाणी मारलं की तसे तडे जातात. म्हणजे ते आमच्याच होजचं काम! टेक्सासमध्ये १९९१ साली एका घराला आग लागून तीन मुली गेल्या. त्यांच्या बापानेच आग लावली असं ठरवताना असल्याच खुणा धरल्या गेल्या आणि २००४ मध्ये त्याला देहदंड दिला गेला. त्या निष्कर्षांना शास्त्रीय आधार नव्हता, असं नंतर एकाहून अधिक अग्नितज्ज्ञांनी लिहून दिलं.

आता दुसरे वाचक. पदवी चांगली, पण कुठली? जिथे खरोखर जाळून पाहतात ती. लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकात १८ नोव्हेंबर १९८७ ला लाकडी सरकत्या जिन्याखाली छोटीशी आग लागली. बघणाऱ्यांना ती एखादा पुठ्ठ्याचा खोका पेटल्याएवढी वाटली. काही मिनिटांतच तिने तिकीटघर गिळलं, ३१ माणसं गेली, त्यात अग्निशमन दलाचा एक अधिकारीही. पुढे संगणकाने दाखवलं, की ज्वाळा सरळ वर न जाता जिन्याच्या खाचेत आडव्या पडून धावल्या. जाणकारांना ते पटेना, ज्वाळा आडवी पडते म्हणजे काय! शेवटी एक तृतीयांश आकाराचा जिना बांधला आणि पेटवला. ज्वाळा आडवी पडली. ‘ट्रेंच इफेक्ट’ हा शब्द या तपासातूनच रुळला. जाळून पाहिलं नसतं तर तो वाद आजही चालू असता.

म्हणून माझी तक्रार. मी दोन वर्षं एका संस्थेत पाहुणा व्याख्याता होतो. माहितीपत्रकात ‘सुसज्ज अग्नि-प्रयोगशाळा’ छापलेलं होतं. प्रत्यक्षात आतला भाग दिसावा म्हणून उभी कापून भिंतीवर लावलेली तीन अग्निशामक नळकांडी, रंगवलेला एक पंप ज्याला पाण्याची जोडणीच नाही, आणि पडद्यावर स्लाइड. तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी एक पुठ्ठासुद्धा जाळून, वजन करून, आकडा मांडलेला नव्हता. महागडं काही लागतं असंही नाही. कोन कॅलरीमीटर, म्हणजे जळताना निघणारी उष्णता मोजायचा यंत्रसंच, महाग आहे, मान्य. तो दहा सेंटिमीटरचा चौकोनी तुकडा जाळतो आणि किती ऑक्सिजन संपला यावरून उष्णता काढतो. लाकूड असो की फोम, एक किलो ऑक्सिजनमागे जवळपास १३.१ मेगाज्यूल उष्णता. पण वजनकाटा, तापमान मोजायची तार (थर्मोकपल), उघडी शेड आणि सावध शिक्षक एवढ्यावरही पुष्कळ शिकवता येतं.

नावातला ‘व्यवस्थापन’ हा शब्द तर परीक्षेपुरता उरतो. शिकागोच्या आर्मर इन्स्टिट्यूटमध्ये १९०३ साली अग्निसंरक्षण अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम सुरू झाला. त्याच शहरात त्याच वर्षी, ३० डिसेंबरला, इरोक्वॉय नाट्यगृह जळलं आणि सहाशेहून अधिक प्रेक्षक गेले. जाहिरातीत ते ‘संपूर्ण अग्निरोधक’ होतं. दारं होती, पण काही बंद, काहींच्या कड्या लोकांना उघडता येईनात. दार कोण उघडं ठेवणार, रोज कोण तपासणार, वहीत खोटी सही झाली तर कुणाला कळणार, याला मी व्यवस्थापन म्हणतो. माणूस घाबरला की आला त्याच दाराने परत पळतो, जवळचं दुसरं दार त्याला दिसत नाही, हेही त्यातच येतं. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये २०१७ साली ७२ जण गेले. त्या चौकशीच्या २०२४ च्या अहवालाने ‘फायर इंजिनिअर’ या पेशाला कायद्याचं संरक्षण द्यावं, म्हणजे वाटेल त्याला ते नाव लावता येऊ नये, अशी शिफारस केली. आपल्याकडच्या पालकांना यातून एवढं तरी कळावं, की पाटीवरच्या नावाला अर्थ असायला हवा.

तेव्हा प्रवेश घ्यायला जाल तर वसतिगृह आणि नोकऱ्यांचे आकडे नंतर विचारा. आधी विचारा, गेल्या वर्षी मुलांनी काय काय जाळलं? नोंदवही दाखवा. माझ्या त्या संस्थेत शेवटच्या महिन्यात मी हाच प्रश्न बैठकीत विचारला. पुढच्या सत्रासाठी मला बोलावणं आलं नाही. जाताना प्रयोगशाळेवरून गेलो तर दाराला कुलूप होतं, आणि किल्ली कुणाकडे असते हे शिपायालाही सांगता येईना.

आपला,
एक निवृत्त अग्निशमन अधिकारी