सेबास्टियान लाइटनर यांना अनावृत आभारपत्र

आदरणीय लाइटनर,
सप्रेम नमस्कार.

शिकलेलं लक्षात राहावं म्हणून 1972 मध्ये तुम्ही एका बाजूला प्रश्न आणि दुसऱ्या बाजूला उत्तर असलेल्या कार्डांची, पाच कप्प्यांची पेटी मांडलीत. तिच्याबद्दल लोक एवढंच सांगतात: उत्तर बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की थेट पहिल्यात. आमचे आभार त्याहून साध्या गोष्टीसाठी आहेत. तुम्ही कप्प्यांची मापं ठरवून दिलीत. पहिला जेमतेम 1 सेंटिमीटरचा, मग 2, 5, 8 आणि शेवटचा 14. कप्पा भरला की त्याची उजळणी. तारखेचा संबंधच नाही.

रोज शिकण्याची सवय आळसाने मोडते त्याहून जास्त हिशेब चुकल्याने मोडते. पाच कप्पे पार करायचे तर प्रत्येक कार्ड किमान पाच वेळा हातात येतं, चुका धरल्या तर सात-आठ वेळा. रोज 30 नवी कार्डं घेणाऱ्याचं काम पहिल्या दिवशी पाच मिनिटांत उरकतं, म्हणून त्याला वाटतं की आणखीही जमतील. काही आठवड्यांत जुनी कार्डं परतू लागतात आणि रोज दोन-सव्वादोनशे समोर येतात. एका कार्डाला 10 सेकंद धरले तरी 35-40 मिनिटं झाली. माणूस सोडतो तो इथे, आणि दोष देतो स्वतःच्या चिकाटीला! रोज 8 नवीच घेतली तर तोच हिशेब साठेक कार्डांवर, म्हणजे दहा मिनिटांवर थांबतो. तुमचा 1 सेंटिमीटर ही मर्यादा न बोलता घालतो: जागा नसेल तर नवं कार्ड नाही.

उजळणीचा दिवस तारखेवर ठरवणाऱ्या ॲप्समध्ये चार दिवस चुकले की पाचव्या दिवशी थकबाकीचा आकडा अंगावर येतो. पेटी तशीच थांबून असते. विसरणं थांबत नाही, हे खरं. शिकल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत ते सर्वात वेगाने होतं, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी 1885 मध्येच दाखवलं होतं. म्हणून खंड पडल्यावर पहिला कप्पा रिकामा होईपर्यंत नवं काही घ्यायचं नाही, एवढं पथ्य पुरतं. सवय अंगवळणी पडायला 21 दिवस लागतात असं सर्रास सांगितलं जातं. लंडनमधल्या 2009 च्या एका अभ्यासात तो काळ माणसागणिक 18 ते 254 दिवस निघाला, आणि मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, असंही दिसलं.

पेटीला आम्ही थोडी जोड दिली आहे. वेळ घड्याळाला बांधण्यापेक्षा रोजच्या ठरलेल्या कामाला बांधायची, जसं की दात घासून झाले की लगेच. थकलेल्या दिवशी फक्त पहिला कप्पा बघायचा. एका कार्डावर एकच प्रश्न, आणि कार्ड उलटण्याआधी उत्तर मोठ्याने बोलायचं. उलटल्यावर “हेच म्हणणार होतो” असं मनात आलं, तर ते चूकच धरायचं. सगळ्यात जास्त फसवणूक तिथेच होते. एखादं कार्ड पाच-सहा वेळा पहिल्या कप्प्यात परतलं तर दोष बहुधा कार्डाच्या मांडणीत असतो. ते फाडून त्याची दोन सोपी कार्डं करावीत.

एका बाबतीत मात्र आम्ही तुमचं ऐकत नाही. पाचव्या कप्प्यात चुकलेलं कार्ड आम्ही पहिल्यात नेत नाही, दुसऱ्यात ठेवतो. एका निसटलेल्या शब्दासाठी सगळा प्रवास पुन्हा करायला लावला, तर काम वाढतं आणि हाती फारसं काही लागत नाही.

शेवटच्या कप्प्यातून बाहेर पडलेली कार्डं पुष्कळ जण जपून ठेवतात, जाड गठ्ठा बघून बरं वाटतं म्हणून. पेटीत मात्र ती परत घालू नयेत. ती जागा नव्या कार्डांची.

आपले ऋणी,
रोज थोडं शिकणारे आणि शिकवणारे