मेट्रोच्या इतिहासात ग्राउट राहून गेले

मा. संपादक,
स.न.वि.वि.

भुयारी मेट्रोच्या इतिहासावरील आपल्या लेखात दोन गोष्टी खटकल्या.

लंडनची 1863 सालची मेट्रोपॉलिटन रेल्वे ‘जमीन पोखरून’ झाली, असे लेख म्हणतो. प्रत्यक्षात बहुतेक मार्गावर रस्ताच उकरला होता. सुमारे 10 मीटर रुंद चर, दोन्ही कडांना विटांच्या भिंती, वर कमान, मग माती लोटून रस्ता पूर्ववत. बुडापेस्ट (1896), न्यूयॉर्क (1904) आणि कोलकात्याचा पहिला टप्पा (1984) मुख्यतः याच रीतीचे. तिची खोड म्हणजे वाटेतली गटारे आणि नळ. जून 1862 मध्ये फ्लीट या बुजवलेल्या नदीचे गटार फुटले आणि लंडनचे चालू काम पाण्याखाली गेले.

दुसरी चूक मोठी. भुयारावरच्या घरांना तडे जातात ते यंत्राच्या हादऱ्यांनी, असे लेखकाने ठरवून टाकले आहे. मुख्य कारण बहुधा वेगळेच असते: माती खाली बसते.

अभियंते ब्रुनेल यांनी थेम्सखाली (1825–43) खणताना माती तोलून धरणारे शील्ड, म्हणजे पुढे सरकणारे कवच, आणले, अभियंते ग्रेटहेड यांनी 1869 मध्ये ते गोल केले आणि मागे ओतीव लोखंडाच्या रिंगा बसवल्या. रिंग शील्डच्या शेपटीत, आतल्या बाजूने जोडतात. म्हणजे ती शील्डपेक्षा लहान असणारच. शील्ड पुढे सरकले की रिंगेभोवती पोकळी उरते आणि ती भरली नाही तर वरची माती तिच्यात बसते. ग्रेटहेड यांनी रिंगेतल्या भोकांतून तिच्यात पातळ चुना भरला. अशा भरावालाच ग्राउट म्हणतात. 1890 मध्ये सुरू झालेल्या सिटी अँड साउथ लंडन मार्गावर हे काम दाबलेल्या हवेने केले. शील्डचे कौतुक सगळेच करतात, या चुन्याची आठवण कुणाला नसते!

आजचा हिशेब पाहा. खणलेला व्यास 6.6 मीटर, रिंगेचा बाहेरचा व्यास 6.3 मीटर आणि रिंगेची लांबी 1.4 मीटर धरली, तर एका रिंगेमागे साधारण सव्वाचार घनमीटर ग्राउट लागते. हल्ली सिमेंट आणि बेंटोनाइट नावाच्या चिकणमातीच्या मिश्रणात ग्राउटच्या नळीच्या तोंडाशी सोडियम सिलिकेट मिसळतात. ते काही सेकंदांत थिजते. नळी मध्येच चोंदते ती बहुधा यामुळेच. सव्वातीन घनमीटरवरच दाब चढला, तर नळी तुंबली आहे किंवा माती आधीच रिंगेवर बसली आहे. सहा घनमीटर गेले, तर बाहेर कुठेतरी पोकळी आहे, नाहीतर शील्डची शेपटी आणि रिंग यांमधली फट बंद करणाऱ्या ब्रशांतून ग्राउट परत येते आहे.

मातीचेही तसेच. वरच्या मापांनी एका रिंगेसाठी जमिनीतली 48 घनमीटर माती निघायला हवी. उपसलेली माती फुगते, म्हणून डब्यांची संख्या फसवी. माती वाहून नेणाऱ्या पट्ट्यावरच्या काट्याचे वजन, खणताना मिसळलेले पाणी आणि फेस वजा करून, धरावे. हे वजन सलग दोन-तीन रिंगा जास्त भरले, तर यंत्राच्या तोंडाशी दाब कमी पडतो आहे आणि वरची माती आत ओढली जाते आहे. जमीन खचल्याची बातमी देताना त्या जागेच्या रिंगांची ग्राउट आणि माती ही दोन्ही टिपणे मागून छापावीत.

आपला,
एक वाचक