निरवानिरव करू द्या

महोदय,

दर वर्षी मार्च महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी जागतिक मूत्रपिंड दिन येतो. त्या सुमारास मीठ किती खावे, साखर आणि रक्तदाब कसा सांभाळावा, वेदनाशामक गोळ्या मनाने का घेऊ नयेत, याविषयी आपल्यासह सर्वच वृत्तपत्रांत चांगले लेख येतात. ते यायलाच हवेत. परंतु ज्यांची मूत्रपिंडे आधीच निकामी झाली आहेत आणि जे यंत्राच्या आधारावर दिवस काढत आहेत, त्यांच्या मनात रोज असणाऱ्या एका विषयावर मात्र कुठे काही वाचायला मिळत नाही. तो विषय म्हणजे आमचा मृत्यू. माझे वय 64 आहे, मधुमेहामुळे मूत्रपिंडे गेली, आणि गेली सहा वर्षे मी डायलिसिसवर आहे. हृदय कमजोर असल्याने प्रत्यारोपण करता येणार नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे, म्हणजे या यंत्राखेरीज मला दुसरी वाट नाही.

मंगळवार, गुरुवार आणि शनिवार अशी आमची पाळी असते. दर वेळी चार तास, हातात दोन जाड सुया. खर्चाचा मोठा भार महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेने उचलला, त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. डाव्या हाताची शीर धमनीला जोडून केलेल्या फिस्टुलावर रोज सकाळी तळहात ठेवून त्याची थरथर लागते का, हे मी आधी पाहते आणि मगच अंथरूण सोडते. शनिवारनंतर थेट मंगळवारी यंत्र मिळते, त्यामुळे सोमवारी रात्री अंगात पाणी साचून आडवे झोपवत नाही आणि मी खुर्चीत बसून उजाडण्याची वाट पाहते. आठवड्यातल्या या मोठ्या खंडाच्या शेवटी डायलिसिसच्या रुग्णांना धोका अधिक असतो, हे वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे आणि आम्हाला ते अंगाने ठाऊक आहे. अशा रात्री माणूस मरणाचा विचार करतो, यात विशेष काही नाही. विशेष हे, की दुसऱ्या दिवशी तो विचार बोलून दाखवायला त्याला एकही माणूस मिळत नाही.

आमच्या केंद्रात एखादा रुग्ण दगावला की त्याच्या पलंगावर पुढच्या पाळीला नवा माणूस येतो. आम्ही विचारले, तर सिस्टर सांगतात, ‘ते दुसऱ्या सेंटरला गेले.’ सहा वर्षांत माझ्या पाळीतले किती जण असे ‘दुसऱ्या सेंटरला’ गेले, ते मी मनात मोजले आहे. सिस्टर हे मायेपोटी सांगतात, आमचा धीर खचू नये म्हणून सांगतात, आणि म्हणूनच त्यांना दोष देण्याची माझी इच्छा नाही. पण सगळेच पलंग सगळे जाणून गप्प बसलेले असतात, आणि ते गप्प बसणे सुयांपेक्षा जड जाते.

माझ्या शेजारच्या पलंगावर एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर होते. आम्ही सगळे त्यांना काका म्हणत असू. एका गुरुवारी पायात वांब येऊन ते कळवळले, तंत्रज्ञाने सलाईन सोडले, वांब उतरला, आणि तसेच छताकडे पाहत ते मला म्हणाले, ‘ताई, मला शेवटी घरी न्यावं. अंगणात कडुनिंब आहे, तिथं खाट टाकावी. नळ्या नकोत.’ मी विचारले, हे मुलांना सांगितले आहे का. ते म्हणाले, ‘पोरं ऐकून घेत नाहीत.’ पुढे त्यांना मेंदूत रक्तस्राव झाला. तेव्हा शुद्ध हरपली ती परत आली नाही, आणि कृत्रिम श्वासावर अतिदक्षता विभागात तेवीस दिवस राहून तिथेच ते गेले. मुलांनी जमीन गहाण टाकली. वडिलांसाठी कुठे कमी पडू नये, एवढाच त्यांचा हेतू होता, आणि वडिलांना काय हवे होते हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. मला ते ठाऊक होते. मी त्यांच्या घरी जाऊन ते सांगायला हवे होते, मी गेले नाही, आणि ही बोच मला आजही आहे. हे पत्र लिहिण्याचे खरे कारण तेच.

आपल्या भाषेत ‘निरवानिरव’ असा एक शब्द आहे. जाणाऱ्याने मागे राहणाऱ्यांच्या हाती सारे सोपवून मोकळे व्हावे, असा त्याचा अर्थ, आणि माझ्या लहानपणी ही घराघरांत चालणारी गोष्ट होती. माझ्या आजीने दुखणे वाढल्यावर आपली खाट माजघरात आणवली, लेकींना बोलावून घेतले, पाटल्या कोणाला आणि बिलवर कोणाला ते सांगितले, वाण्याचे किती देणे आहे ते आठवून सांगितले, आणि मला आता कुठे हलवू नका, असेही बजावले. कोणी तिला अभद्र बोलू नकोस म्हणाले नाही. आज मी माझ्या लेकीजवळ विषय काढला, तर ती म्हणाली, ‘आई, तिन्हीसांजेला असं बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते.’ तिची भीती मला कळते. पण मधल्या काळात वैद्यकाने आयुष्य लांबवण्याची साधने दिली आणि नेमक्या त्याच काळात आपण हे बोलणे सोडून दिले, याचा परिणाम असा झाला आहे, की मरणाविषयीचे सगळे निर्णय आता अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर, मध्यरात्री, घाबरलेल्या नातेवाइकांना पाच मिनिटांत घ्यावे लागतात.

कायद्याने खरे तर मार्ग मोकळा केला आहे. केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग 1973 मधील अमानुष हल्ल्यानंतर 2015 मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे 41 वर्षांहून अधिक काळ, भान हरपलेल्या अवस्थेत होत्या. अशा रुग्णाचे नुसते आयुष्य लांबवणारे उपचार थांबवता येतील का, या प्रश्नाचा त्यांच्या प्रकरणात 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विचार केला. पुढे 9 मार्च 2018 रोजी घटनापीठाने सन्मानाने मरण येणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि शुद्धीत असतानाच पुढील उपचारांविषयी इच्छापत्र करून ठेवण्यास, म्हणजे ज्याला आपण लिव्हिंग विल म्हणतो त्यास, मान्यता दिली. तेव्हा त्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागत असे. 24 जानेवारी 2023 च्या आदेशाने ती अट काढून, दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरीकडून किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकन पुरेसे ठरवले. पुढे वेळ आलीच तर डॉक्टरांची दोन मंडळे स्वतंत्रपणे विचार करतात, त्यामुळे कोणी वारस घाईने नळी काढून टाकील, ही भीती बाळगण्याचे कारण नाही. हे इच्छामरण नव्हे. कोणी कोणाला इंजेक्शन देऊन मारत नाही. बरे होण्याची आशा संपल्यावर नुसते लांबवणारे उपचार नकोत, एवढेच त्यात म्हणायचे असते, आणि केलेले इच्छापत्र माणसाला केव्हाही बदलता येते.

या इच्छापत्राची एक प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जतन व्हायची असते. मुंबईच्या डॉ. निखिल दातार यांनी उच्च न्यायालयात जनहित याचिका केल्यानंतर आपल्या राज्यात असे चारशेहून अधिक अधिकारी नेमले गेले. मी माझे कागद घेऊन आमच्या नगरपालिकेत गेले, तेव्हा मला आधी जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर, तिथून आरोग्य विभागात आणि तिथून पुन्हा त्याच खिडकीवर पाठवण्यात आले. तिथला तरुण कर्मचारी नम्र होता, परंतु त्याने हा प्रकार कधी ऐकलाच नव्हता. मी त्याला आदेश वाचून दाखवला. तो म्हणाला, ‘मावशी, साहेब आल्यावर विचारतो.’

मी 36 वर्षे टपाल खात्यात काम केले. बचत खात्याच्या अर्जात नामनिर्देशनाच्या रकान्यापाशी आले की माणसाचे पेन थांबे. आपल्यामागे कोण, हे लिहिताना भल्याभल्यांचा हात अडतो, हे मी खिडकीच्या अलीकडून हजारदा पाहिले आहे. पण मी रकान्यावर बोट ठेवून विचारले, की ते लिहीत. विचारणारा समोर असला की माणूस लिहितो. म्हणून माझी पहिली मागणी डॉक्टरांकडे आहे: डायलिसिस सुरू झाल्यावर वर्षातून एकदा तरी, रुग्ण शुद्धीत असताना आणि घरचे जवळ बसलेले असताना, त्याला शेवटी काय हवे आणि काय नको, हे त्यांनी आपणहून विचारावे व केसपेपरवर लिहावे. दुसरी शासनाकडे, की प्रत्येक डायलिसिस केंद्राच्या भिंतीवर, वजनकाट्याशेजारी, त्या गावातल्या नेमलेल्या अधिकाऱ्याचे पदनाम आणि मराठीतला नमुना अर्ज लावावा.

आणखी एक बोलले पाहिजे. डायलिसिस थांबवले तर साधारण आठवड्याभरात मृत्यू येतो, आणि त्या दिवसांतली धाप, खाज, मळमळ औषधांनी पुष्कळ सुसह्य करता येते. मात्र मूत्रपिंडे बंद असताना मॉर्फिनसारखे औषध शरीरात साचते, म्हणून ते जाणणारा डॉक्टर लागतो. कर्करुग्णांसाठी वांद्र्याच्या शांती अवेदना सदनाने 1986 पासून अशी सेवा दिली; आम्हा मूत्रपिंडाच्या रुग्णांना तालुक्याच्या गावी ती कोण देणार?

लेकीशी पुन्हा बोलले, या वेळी सकाळी. तिने कागद दोनदा वाचला, रडली, आणि मग विचारले, ‘तेव्हा तुझ्याजवळ कोण हवं?’ आम्ही त्यावर तासभर बोललो. नंतर तिच्याच हाताने पाकिटावर पत्ता घालून आम्ही प्रत नगरपालिकेला पोचपावतीसह टपालाने पाठवली. पोचपावती सही होऊन परत आली आहे, पण माझे इच्छापत्र कोणत्या नोंदवहीत, कोणत्या क्रमांकाला ठेवले, ते चार महिने झाले तरी कळवलेले नाही. तो क्रमांक मला मिळावा, अशी माझी विनंती आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त टपाल कर्मचारी, जि. सांगली